खालच्या खणातले राजीनामे

गेल्या महिन्यात आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये कर्करोग जनजागृतीचा कार्यक्रम झाला आणि मला स्टेजवर बसवलं. स्टेज म्हणजे जेवणाची चार टेबलं एकमेकांना जोडून वर टाकलेलं निळं कापड. व्यवस्थापकांनी माझी ओळख ‘आपल्या परिवारातली लढाऊ भगिनी’ अशी करून दिली. मालकांच्या सूनबाईंनी मला शाल घातली, नारळ दिला, आणि फोटो नीट आला नाही म्हणून तीच शाल काढून पुन्हा घातली. छातीवर गुलाबी फिती लावून सुपरवायझर मागे उभे होते. त्यांच्यातल्या दोघांनी मी आजारी असल्याचं कळल्या दिवसापासून टाइम ऑफिसातल्या माठातलं पाणी प्यायचं बंद केलं होतं. मी त्यांच्याकडे बघून हसले, तेही हसले.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, “तपासणी वेळेवर करून घ्या.” टाळ्या पडल्या, समोसे वाटले गेले, आणि सेकंड शिफ्टचा भोंगा झाला तशी माणसं पाठोपाठ मशिनवर गेली. मला जे सांगायचं होतं ते दोन शब्दांत बसणारं नव्हतं, आणि ते सांगण्याची मला बंदीही होती. त्या बंदीवर मी स्वतः सही केलेली आहे. ती कशी केली ते इथे लिहिते.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवतो. तुमच्या घरातल्या खोकल्याच्या औषधावरचं झाकण आमचं असू शकेल. मी तिथे बारा वर्षं टाइम ऑफिसात होते. गेटला लागून दोन खिडक्यांची एक खोली, एक खिडकी बाहेर रस्त्याकडे आणि एक आत. हजेरी, ओव्हरटाइम, गेटपास, रजेचे अर्ज, सगळं माझ्या हातून जायचं. पगार सांगण्यासारखा नव्हता. पण मी ‘लेबर’ नव्हते, ‘स्टाफ’ होते, आणि एवढ्या एका शब्दावर मी बारा वर्षं मान ताठ ठेवून चालले. स्टाफला चहा कपबशीतून मिळे, लेबरला कागदी कपातून. स्टाफला कंपनीचा मेडिक्लेम होता. लेबरच्या दुखण्याची आम्ही फारशी चौकशी करत नसू.

नवा माणूस भरती होताना माझ्या आतल्या खिडकीशी येऊन उभा राहायचा. कुणी विक्रमगडकडच्या पाड्यावरचा, कुणी थेट बिहारहून आलेला, कुणी आमच्यासारखा खानदेशातला. आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, पासबुक एवढं घेऊन झालं की मी सहा-सात कागद पुढे सरकवायची. सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवलेली असायची. “इथे, इथे आणि इथे,” एवढंच मी बोलायची. शेवटचा कागद राजीनाम्याचा असे. ‘मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने नोकरी सोडत आहे, माझं कंपनीकडे कोणतंही येणं बाकी नाही.’ खाली सही किंवा अंगठा, आणि तारखेची जागा मोकळी. नोकरी लागली त्याच दिवशी ती सोडल्याचं लिहून घ्यायचं, अशी ही रीत. ती काही मी काढलेली नव्हती. माझ्या आधीच्या क्लार्कने मला शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने.

एखादा विचारायचा, “मैडम, ये किस चीज का है?” मी सांगायची, “फॉर्मॅलिटी है.” हा शब्द मला फार आवडायचा. त्याच्यापुढे कुणी काही विचारत नसे.

हे सगळे कागद स्टीलच्या कपाटात, खालच्या खणात, आडनावांप्रमाणे लावलेले असत. किल्ली माझ्या पर्समध्ये. एखाद्याला काढायचं ठरलं, म्हणजे कुणी युनियनची भाषा करायला लागला, कुणाचा हात मशिनमध्ये गेला, कुणी सारखा आजारी पडायला लागला, की व्यवस्थापक इंटरकॉमवर म्हणत, “त्याचा कागद काढा.” मी कागद काढून त्यावर तारीख घालायची. माझ्या टेबलावर निळ्या शाईची तीन पेनं होती, एकाची निळाई गडद, एकाची फिकी, एकाची मधली. सहीच्या शाईला जुळेल ते मी उचलायची. हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं, ही माझी स्वतःची हुशारी. कामात चोख म्हणून मला एका वर्षी भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं.

त्या खणात माझाही कागद होता. नोकरी लागली त्या दिवशी मीही फुलीवर सही केली होती. फाइल चाळताना तो मला दिसायचा, आणि मनात आणलं असतं तर कुठल्याही दुपारी मी तो फाडून टाकू शकले असते. मी फाडला नाही. मला वाटायचं, हा कागद खरा लेबरसाठी असतो, स्टाफचा नुसता पडून असतो. शिवाय माझ्या फाइलीतला एक कागद कधी इकडचा तिकडे होत नाही याचा मला केवढा अभिमान. मूर्खपणालाही शिस्त लागते आणि ती माझ्याकडे भरपूर होती. बारा वर्षं मी स्वतःच्या नोकरीवरचा सुरा नीट कव्हर घालून सांभाळला.

मग उजव्या छातीत गाठ लागली. तपासण्या झाल्या, मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि दर तीन आठवड्यांनी एक असे किमोचे आठ डोस घ्यायचे ठरले. त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोस चुकवायचा नाही, पुढे ढकलायचा नाही. मेडिक्लेम होता म्हणून आम्ही बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत निदान पैशाची चिंता न करता घाबरत होतो. माझे यजमान स्टेशन ते नवापूर नाका शेअर रिक्षा चालवत. रिक्षा स्वतःची होती, कर्ज नुकतंच फिटलं होतं.

कॅन्सर झाला की माणसांना चेव येतो. आमच्या बिल्डिंगमध्ये मला भेटायला येणारी प्रत्येक बाई काहीतरी औषध सांगून गेली. कुणी पपईचा पाला, कुणी गोमूत्र, कुणी कुठल्याशा बाबांचा अंगारा. एकीने माझ्या पत्रिकेची झेरॉक्स मागितली. दुसरीने माझ्या देखत सोफ्यावर बसायच्या आधी खाली पदर अंथरला. सातपाटीहून मासे घेऊन येणारी बाई तेवढी माझ्याशी पहिल्यासारखी वागली. तिने मला पापलेटाचा भाव नेहमीसारखाच चढवून सांगितला आणि मी नेहमीसारखी भांडले. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

कारखान्यात व्यवस्थापक म्हणाले, “ताई, पाहिजे तेवढी रजा घ्या. तुम्ही आमच्या परिवारातल्या आहात.” परिवार हा शब्द कारखान्यात ऐकला की माणसाने आपली कागदपत्रं आधी ताब्यात घ्यावीत, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी काय केलं, तर माझं काम नीट समजावून दिलं. अकाउंट्समध्ये एक काका होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यांच्याकडे माझा जादा चार्ज दिला. मी त्यांना वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात सगळं लिहून दिलं. गेटपास कुठे, शिक्के कुठे. ‘खालचा खण, राजीनामे, तारीख मोकळी आहे, शाई बघून पेन वापरावं.’ हे मी लिहिलं. दुखत्या हाताने लिहिलं, कारण त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढलेल्या होत्या.

चौथ्या डोसच्या दिवशी आम्ही पहाटे निघून हॉस्पिटलात पोचलो. डोक्यावर स्कार्फ, पिशवीत भाताचा डबा. विम्याच्या खिडकीत बसलेल्या मुलीने माझा नंबर टाकला, पुन्हा टाकला आणि म्हणाली, “मॅडम, तुमचं नाव पॉलिसीतून कमी झालंय.”

मी म्हणाले, “चूक झाली असेल.”

“कंपनीने कळवलंय. तुम्ही नोकरी सोडलीय ना?”

मी माझ्या यजमानांकडे बघितलं, जणू मी त्यांना न सांगता नोकरी सोडली होती. मागे रांग होती, मुलीचा काही दोष नव्हता. तो डोस आम्ही घरात होतं नव्हतं ते भरून घेतला. सलाइन चढत असताना मला दुसरं काही आठवत नव्हतं, फक्त तो खण आठवत होता. वांती व्हायला लागली ती औषधामुळे की कशामुळे ते मला आजही सांगता येणार नाही.

चार दिवसांनी उभं राहता आल्यावर मी कारखान्यात गेले. गेटवरच्या शिपायाने मला बाकावर बसवलं. “मैडम, अंदर से फोन आएगा तब.” बारा वर्षं त्याची हजेरी मी मांडली होती. तासाभराने आत बोलावलं. व्यवस्थापकांच्या टेबलावर माझा कागद काढून ठेवलेला होता. तारीख घातलेली, मागच्या महिन्याची, आणि शाई जुळलेली. काकांनी माझ्या सूचना पाळल्या होत्या.

“ताई, तुम्हीच तर लिहून दिलंय,” व्यवस्थापक म्हणाले. “ही सही तुमचीच आहे ना?”

हा माणूस हे वाक्य माझ्यासमोर बोलत होता. मी हा मजकूर टाइप केलेला, मी त्याच्या झेरॉक्स काढलेल्या, बाहेरच्या खिडकीतून हेच वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलेलं. निदान माझ्यासाठी त्याने एखादी नवी थाप शोधायची होती. तेवढा मान तरी स्टाफला द्यायला हवा होता. मी म्हणाले, “सर, हा कागद कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे.” ते म्हणाले, “आरोप करू नका, तब्येतीला जपा.” आणि माझ्यासाठी लिंबूपाणी मागवलं.

बाहेर पडताना अकाउंट्सचे काका गेटपर्यंत आले. हळूच म्हणाले, “ताई, अक्षर माझं आहे. पॉलिसी नवी करायची होती, तुमच्या केसमुळे हप्ता वाढणार होता. मला फोन आला, मी घातली तारीख. काय करणार?” मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो ‘काय करणार’ माझ्याच तोंडातला होता. मी फक्त विचारलं, कुठलं पेन वापरलं. ते बिचारे खरंच सांगायला लागले.

पाचव्या डोससाठी यजमानांनी रिक्षा परमिटसकट विकली आणि ते दुसऱ्याची रिक्षा रोजावर चालवायला लागले. मला विचारलंही नाही. नोकरी परत मिळवायची, म्हणजे विमा परत येईल आणि उरलेले तीन डोस आणि शेक पार पडतील, एवढं एकच मला दिसत होतं. दुसरे मार्ग होते, सरकारी योजना होत्या, पण त्यासाठी नवं हॉस्पिटल, नवे कागद, नवी रांग, आणि डॉक्टरीणबाईंनी डोस ढकलायचा नाही म्हणून बजावलेलं. मी पालघरला कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. जिल्हा झाल्यापासून तिथे कचेऱ्यांच्या मोठाल्या इमारती आहेत, पायऱ्याही मोठाल्या, प्रत्येक मजल्यावर मी थांबून श्वास घेतला. अधिकारी बाई सरळ होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सही तुमची आहे म्हणता. मग कोरा घेतला होता हे कशावरून? तुमच्या एकटीच्या सांगण्यावर कंपनी म्हणेल, बाई चिडून बोलते. अजून एखादा असा माणूस आणा, ज्याने राजीनामा दिलाच नव्हता आणि त्याचा निघाला. मग ती रीत आहे असं म्हणता येईल.”

असा माणूस मला शोधावा लागला नाही. तो मला कधीपासून माहीत होता.

तीन वर्षांपूर्वी मोल्डिंगवर एक ऑपरेटर होता, विक्रमगडच्या अलीकडच्या एका पाड्यावरचा. हसतमुख, कामाला वाघ. त्याच्या गालात आत जखम झाली, ती भरेना, आणि तपासल्यावर तोंडाचा कॅन्सर निघाला. दोन महिने तो येऊ शकला नाही तेव्हा इंटरकॉम वाजला आणि मी त्याचा कागद काढला. त्याने अंगठा नव्हे, सही केली होती, मोठ्या अक्षरात, एकेक अक्षर सुटं. मी मधल्या निळाईच्या पेनाने तारीख घातली. त्या वेळी माझ्या मनात काय आलं तेही लिहायला हवं. माझ्या मनात आलं, गुटखा खातात, मग दुसरं काय होणार. मी आयुष्यात सुपारीचं खांडही खाल्लेलं नाही.

आम्ही त्या पाड्यावर गेलो तेव्हा भात पोटरीत आलं होतं. यजमानांनी मालकाला दुप्पट रोज कबूल करून रिक्षा त्या दिवसापुरती मागून घेतली होती. मनोरच्या पुढे रस्ता खराब झाला तशी ते गाडी इतकी हळू चालवायला लागले की सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. घर सापडलं. कुडाच्या भिंती, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. त्याची बायको बांधावरचं गवत कापून आली होती, भारा तिने खाली टाकला आणि माझ्याकडे बघत राहिली. माझा स्कार्फ, माझ्या गेलेल्या भुवया.

मी सांगायला सुरुवात केली, अमक्या कारखान्यातून आले. ती मध्येच म्हणाली, “तुमी खिडकीतल्या बाय ना?”

मी हो म्हणाले.

“मी आलेली त्यावेली. त्याचा पगार इचाराला. तुमी बोलल्या, त्यानं सोताच लिवून दिलाय, आता काय नाय.” ती अजिबात रागाने बोलत नव्हती. झालेली गोष्ट सांगत होती. “मी घरी येऊन त्याला भांडली. म्हटला, मला न इचारता कामाचा कागद कसा दिला? तो बोलं, मी नाय दिला. मी बोलली, बाय काय खोटा बोलंल? तीन दिस मी त्याच्याशी बोलली नाय.”

तिच्याकडून पुढचं कळलं. तो दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला, तोंडाला फडकं बांधून, कारण उचल घेतलेली होती आणि ती फेडायला बायकोबरोबर त्यालाही उभं राहावं लागलं. तिथेच भट्टीवर वारला. तिने हे सगळं सांगितलं आणि आम्हाला पाणी दिलं. मी ते पाणी प्यायले. मी आजवर कुणापुढे एवढी लहान झाले नव्हते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण मला साक्षीदार हवी होती, म्हणून मी बसून राहिले.

मी तिला सांगितलं की तारीख मी घातली. सांगून टाकलं, आडपडदा ठेवला नाही. मग माझं काय झालं तेही सांगितलं आणि पालघरला येऊन हे बोलशील का म्हणून विचारलं. ती बराच वेळ विळ्याच्या मुठीला लागलेला चिखल काढत बसली.

“मंग तो खोटा नवता बोलला,” ती म्हणाली.

“नाही.”

“मी येन. तुमच्यासाटी नाय येत. त्यानं दिला नवता, त्ये तिथं सांगाला येन. कवा बोलावतील त्ये कलवा. मी भट्टीवर आसली तं एक दिस आदी सांगा, मुकादमाला इचारावा लागतं.”

परत येताना आम्ही मनोरला थांबलो. चहा घेताना यजमान एवढंच म्हणाले, “बाई भली आहे.”

मी पालघरला जाऊन जबाब लिहून दिला. माझा कागद, त्याचा कागद, खण, फुल्या, पेनं, सगळं. अधिकारी बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, आता कंपनीला नोटीस जाईल, या बाईचंही काही येणं निघू शकतं. मला त्या दिवशी खूप दिवसांनी बरं वाटलं. मी बरी माणूस आहे असं वाटायला लागलं होतं, आणि तसं वाटून घ्यायला मला दहा दिवस मिळाले.

दहा दिवसांनी व्यवस्थापक घरी आले. सहाव्या डोसचे पैसे कुठून आणायचे ते ठरत नव्हतं आणि डोस पाच दिवसांवर आला होता. ते फळांची टोपली घेऊन आले, सफरचंदं, वर चकचकीत कागद. सोफ्यावर बसले, माझ्या तब्येतीची चौकशी केली, मालकांना किती वाईट वाटलं ते सांगितलं. मग पिशवीतून दोन कागद काढले. पहिल्यात लिहिलं होतं की माझा राजीनामा नजरचुकीने मंजूर झाला, माझी नोकरी चालू समजावी आणि विम्यात माझं नाव पूर्ववत घालावं. नजरचुकीने. दुसरा माझ्याकडून होता. त्यात मी म्हटलं होतं की आजारपणात मनःस्थिती ठीक नसताना मी गैरसमजातून तक्रार केली, कंपनीत कोरे राजीनामे घेण्याची कोणतीही पद्धत नाही, त्या ऑपरेटरच्या कागदावर मी तारीख घातल्याचं माझं म्हणणं खरं नाही, त्याने राजीनामा स्वतः दिला होता, आणि यापुढे मी याविषयी कुठेही बोलणार नाही.

मी म्हणाले, “माझी तक्रार मागे घेते. त्याचं वाक्य काढा.”

“ताई, ते वाक्य आहे म्हणून तर पहिला कागद आहे,” व्यवस्थापक म्हणाले. त्यांनी सफरचंदं टेबलावरून थोडी बाजूला सरकवली आणि कागद ठेवायला जागा केली. या वेळी तिथे पेन्सिलची फुली त्यांनी मारून आणली होती.

मी स्वयंपाकघरात गेले. यजमान माझ्या मागे आले. मी त्यांना म्हणाले की हे असं असं आहे, ती बाई साक्षीला यायचं म्हणते, तिचा नवरा खोटा ठरेल. ते ओट्याला टेकून उभे होते. म्हणाले, “सही कर. मला तू पाहिजेस.” आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, असं ते कधी बोलले नव्हते. मला रडू आलं, आणि मला तेही कळत होतं की मी रडतेय ती सही करायचं ठरल्यामुळे. ते नको म्हणाले असते तरी मी केली असती, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. मरणाची भीती वाटते तेव्हा माणूस मोठा होतो असं लोक म्हणतात. मी झाले नाही.

उरलेले तीन डोस झाले, शेक झाला, केस परत आले, आधी कुरळे आणि पांढरे. मी कामावर रुजू झाले. टाइम ऑफिसात नाही, डिस्पॅचमध्ये, झाकणांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवून घ्यायला. चहा कागदी कपातून मिळतो. पगार तोच आहे आणि विमा आहे, दर सहा महिन्यांनी मी तपासणीला जाते. कारखाना मला ठेवून घेतो कारण मी त्यांना स्टेजवर बसवायला उपयोगी पडते, आणि मी राहते कारण बाहेर मला कोण घेणार. नवी माणसं अजूनही आतल्या खिडकीशी रांगेत उभी असतात. जाता-येता मला दिसतात. मी मान खाली घालून खोक्यांकडे बघते आणि त्यासाठी लागणारा निगरगट्टपणा माझ्याकडे आहे.

अधिकारी बाईंनी माझा दुसरा कागद वाचला. शिक्का मारला आणि फाइल बंद केली. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी पात्र होते.

ती बाई आता वाडा तालुक्यातल्या एका भट्टीवर आहे. महिन्यातून एकदा, रविवारी, मुकादमाच्या फोनवरून तिचा फोन येतो. आधी माझी तब्येत विचारते. खाते का, ताकद आली का, म्हणून विचारते. मग म्हणते, “बाय, पालघरवरून बोलावना आला का? मी तयार हाय.” मी दर वेळी फोन उचलते, आणि दर वेळी तिला सांगते, अजून नाही आला.